दातात भरलं जाणारं 'पांढरं सिमेंट': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या माझ्या दवाखान्यात दात भरून घ्यायला येणारी माणसं खुर्चीत बसल्या बसल्या सांगतात, "मॅडम, चांगलं पांढरं सिमेंट टाका." कोणतं, हे क्वचितच कुणी विचारतं. विचारलं की मला मनापासून बरं वाटतं, कारण ती वस्तू पुढे कित्येक वर्षं तुमच्या तोंडात राहणार असते. आजवर विचारले गेलेले प्रश्न, आणि तोंडात कापसाचे बोळे असल्यामुळे विचारायचे राहून गेलेले प्रश्न, इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. ती सवडीने वाचा.

पांढरं सिमेंट म्हणजे एकच पदार्थ असतो का?

नाही, आणि बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. दाताच्या रंगाचे पदार्थ मुख्यतः दोन घराण्यांतले. पहिलं कॉम्पोझिट: रेझिनमध्ये (कडक होणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थात) काचेची अतिबारीक पूड कालवून केलेला लगदा, जो निळ्या प्रकाशाने कडक होतो. दुसरं ग्लास आयोनोमर: वेगळ्या प्रकारच्या काचेची पूड आणि सौम्य आम्लाचं द्रावण यांचं मिश्रण, जे कालवलं की आपोआप घट्ट होऊ लागतं. दोघांच्या मधले संकरित प्रकारही आहेत. खरं तर 'सिमेंट' हा शब्द दुसऱ्यालाच लागू पडतो, पण बोलण्यात दोन्ही सिमेंटच. भरल्याच्या दिवशी आरशात दोन्ही सारखेच पांढरे दिसतात. फरक कळतो तो दोन-तीन वर्षांनी.

कॉम्पोझिटमध्ये नेमकं काय काय असतं?

रेझिन, काच, या दोघांना बांधून ठेवणारा दुवा आणि कडक होण्याची क्रिया सुरू करणारं रसायन, असे चार भाग धरा.

रेझिनमधला मुख्य रेणू बहुतेक वेळा बिस-जीएमए हा असतो. अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये काम करणारे राफेल बोवेन यांनी त्यावर आधारलेला भरण्याचा पदार्थ तयार केला आणि १९६२ साली त्याचं पेटंट त्यांना मिळालं. त्याआधी पुढच्या दातांत साधं अ‍ॅक्रिलिक भरत. ते कडक होताना फार आकसायचं, कडेने फट पडायची, फटीत थुंकी झिरपून दात काळवंडायचा. बिस-जीएमएचा रेणू मोठा असल्याने आकसणं पुष्कळ कमी झालं. पण तो मधाहूनही कितीतरी घट्ट असतो, त्यात काचेची पूड हवी तितकी मिसळताच येत नाही. म्हणून त्याला पातळ करायला टीईजीडीएमए नावाचा हलका रेणू घालतात. इथे लगेच तडजोड आली: पातळ रेणू वाढवला तर काच जास्त मावते, पण आकसणं पुन्हा वाढतं आणि पदार्थ पाणीही जास्त शोषतो. यूडीएमए हा आणखी एक रेणू काही कॉम्पोझिटमध्ये या दोघांसोबत किंवा त्यांच्याऐवजी असतो.

आता काच. दाढेत भरायच्या कॉम्पोझिटमध्ये वजनाने साधारण ७० ते ८० टक्के भाग काचेचाच असतो, त्यामुळे 'प्लास्टिक भरलं' असं म्हणणं अर्धवट आहे. सुरुवातीला क्वार्ट्झचे मोठे, दहा मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड कण वापरत. पदार्थ मजबूत व्हायचा, पण पृष्ठभाग खरखरीत राहायचा आणि त्यावर डाग बसायचे. आताच्या नॅनोहायब्रिड नावाच्या कॉम्पोझिटमध्ये बेरियम किंवा स्ट्रॉन्शियमच्या काचेचे एका मायक्रॉनच्या आसपासचे किंवा त्याहून लहान कण आणि त्यांच्या मधल्या जागा भरणारे नॅनो आकाराचे सिलिकाचे कण असतात. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. कण त्याहून पुष्कळ लहान असले की ते झिजून निसटले तरी पडलेला खड्डा डोळ्याला जाणवत नाही, म्हणून अशा कॉम्पोझिटची चकाकी टिकते.

तिसरा भाग सिलेनचा, ज्याबद्दल रुग्णांना कधी कुणी सांगत नाही. काच आणि रेझिन एकमेकांना धरून राहत नाहीत. म्हणून काचेचा प्रत्येक कण आधी सिलेनने माखून घेतात. सिलेनच्या रेणूचं एक टोक काचेशी जोडलं जातं, दुसरं रेझिनशी. हा दुवा नसता तर चावताना येणारा दाब मऊ रेझिनवरच राहिला असता आणि कण सुटून पडले असते. सिलेन लावलेली सिलिका हाच बोवेन यांच्या पेटंटचा गाभा होता.

यांखेरीज अगदी थोड्या प्रमाणात रंगद्रव्यं असतात. गेरूला लाल रंग देणारं लोखंडाचं ऑक्साइड इथेही उपयोगी पडतं.

तो निळा लाईट कशासाठी? गरम करून सुकवता का?

सुकवत नाही, आणि उष्णतेने कडकही करत नाही. लगद्यात कॅम्फरक्विनोन नावाचं पिवळं रसायन किंचितसं घातलेलं असतं. नावात कॅम्फर आहे ते उगीच नाही. आरतीच्या कापराचं ऑक्सिडीकरण केलं की कॅम्फरक्विनोन मिळतं. ते निळा प्रकाश, विशेषतः ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा, शोषतं. मग सोबतच्या अमाइन नावाच्या रसायनाशी त्याची क्रिया होऊन मुक्त मूलकं, म्हणजे चटकन क्रिया करणारे अस्थिर कण, तयार होतात आणि रेझिनचे सुटे रेणू एकमेकांना जोडत जातात. २० सेकंदांत लगदा दगडासारखा होतो.

या २० सेकंदांत डॉक्टरांचा हात स्थिर असणं फार महत्त्वाचं आहे. दिव्याचं टोक दातापासून लांब गेलं, तिरकं झालं किंवा टोकावर जुनं कॉम्पोझिट चिकटलेलं असलं तर तळाशी पोहोचणारा प्रकाश घटतो. वरून टणक लागलेलं भरण आतून कच्चं राहतं, आणि ते त्या दिवशी ना तुम्हाला कळतं ना आम्हाला. म्हणून दिव्याची ताकद मोजायचं छोटं यंत्र मिळतं. मी दर आठवड्याला त्यावर दिवा तपासते. तुम्ही विचारलंत तर तुमच्यासमोरही तपासून दाखवेन. नारिंगी काच आम्ही डोळ्यांसमोर धरतो ती निळा प्रकाश अडवण्यासाठी, तेव्हा तुम्हीही त्या दिव्याकडे बघू नका.

सगळे रेणू जोडले जातात असंही नाही. चांगला प्रकाश दिला तरी रेणूंना एकमेकांशी जोडणारे साधारण ५० ते ७० टक्के दुहेरी बंधच वापरले जातात. शिवाय हवेतला ऑक्सिजन वरच्या पातळ थराला कडक होऊ देत नाही, तो चिकट राहतो. पुढचा थर त्याला छान धरतो, पण शेवटच्या थरावरचा हा चिकटपणा पॉलिश करून काढून टाकलाच पाहिजे.

एकदम का भरत नाही? थोडं थोडं टाकून दर वेळी लाईट का मारता?

दोन कारणं. नेहमीच्या कॉम्पोझिटमध्ये प्रकाश साधारण २ मिलिमीटरपर्यंतच पुरेसा पोहोचतो. दाढेचा खड्डा अनेकदा ४-५ मिलिमीटर खोल असतो.

दुसरं कारण आकसण्याचं. कडक होताना कॉम्पोझिटचं आकारमान साधारण २ ते ३ टक्के घटतं. आकडा लहान वाटतो, पण पदार्थ चारी भिंतींना चिकटलेला असतो, त्यामुळे आकसताना तो भिंतींना आत ओढतो. एक तर चिकटलेली जागा सुटते, नाहीतर दाताची पातळ भिंत ताणाखाली राहते आणि चावल्यावर कळ येते. तिरके, लहान थर दिले की एका वेळी एक-दोन भिंतींवरच ओढ येते. आता 'बल्कफिल' नावाचे प्रकार आले आहेत, ते ४ ते ५ मिलिमीटरपर्यंत एका दमात भरता येतात. ते अधिक पारदर्शक असतात म्हणून प्रकाश खोल जातो. वेळ वाचतो हे खरं. पुढच्या दातात मात्र त्या पारदर्शकपणामुळे भरण राखाडी दिसतं, तिथे मी ते वापरत नाही.

आधी लावता ते निळं जेल अ‍ॅसिड असतं म्हणे! दात खराब होत नाही?

हो, ते फॉस्फोरिक अ‍ॅसिडच असतं, साधारण ३७ टक्के तीव्रतेचं. दातावर ते १५ ते ३० सेकंदच राहतं आणि मग पाण्याने पूर्ण धुतलं जातं. एरवी ते जिभेला-हिरडीला लागू नये याची काळजी आमची.

ही युक्ती आली कुठून, हे मला नेहमी सांगावंसं वाटतं. मायकेल बुओनोकोर या अमेरिकी दंतवैद्याने १९५५ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यात आधी फॉस्फोरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया करतात, हे त्याला माहीत होतं. तेच दातावर का करू नये, असा त्याचा विचार. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पेंट शॉपला काम करणारे माझे रुग्ण हे ऐकून चटकन मान डोलावतात, कारण पत्रा आधी तयार केला नाही तर रंगाचे पापुद्रे निघतात, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. अ‍ॅसिडने त्यावर सूक्ष्म खाचा पडतात, पातळ बाँड (दात आणि भरण यांना जोडणारा चिकट द्रव) त्यांत शिरून कडक होतो आणि घट्ट रुततो. ही पकड फार भरवशाची.

आतल्या डेंटिनची गोष्ट अवघड आहे. त्यात खनिज सुमारे ७० टक्के, बाकी कोलाजेनचे धागे आणि पाणी. अ‍ॅसिडने खनिज विरघळलं की कोलाजेनची जाळी उघडी पडते. फार सुकवलं तर ती जाळी ओल्या कपड्यासारखी खाली बसते आणि बाँड आत जात नाही. फार ओलं ठेवलं तर बाँडच पातळ होतो. बाँड त्या जाळीत शिरून तयार होणारा मिश्र थर जपानचे नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ साली दाखवून दिला. डेंटिनला पदार्थ चिकटवण्याचं आजचं सगळं शास्त्र त्यावर उभं आहे. आताच्या बऱ्याच बाँडमध्ये एमडीपी नावाचा रेणू असतो, जो दातातल्या कॅल्शियमशी थेट रासायनिक नातं जोडतो. त्यामुळे डेंटिनवर वेगळं अ‍ॅसिड लावायची गरज बऱ्याचदा राहत नाही.

दातावर रबराचा पडदा लावता, जीव गुदमरतो. तो नाही लावला तर?

नाकाने श्वास घेता येत असेल तर गुदमरणार नाही, आणि घाबरायला झालं तर हात वर करा, मी लगेच काढते. पण शक्य असेल तिथे लावू द्या.

अ‍ॅसिड लावून धुतल्यावर त्या जागेवर थुंकीचा एक थेंब जरी आला तरी खाचांवर प्रथिनांचा पातळ थर बसतो आणि पकड जाते. व्यवसायाच्या पहिल्या वर्षात मी घाईत, नुसत्या कापसावर, एका बाईंची खालची शेवटची दाढ भरली होती. जीभ मध्ये आली, ओल लागली, आणि मी पुन्हा अ‍ॅसिड लावण्याऐवजी फुंकून सुकवलं. चार महिन्यांनी भरण अख्खं निघालं. त्याखाली कीड पुन्हा सुरू झाली होती. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण चूक माझीच होती. पदार्थ उत्तम होता. तेव्हापासून कोरडं ठेवता येणार नसेल तर त्या दिवशी मी कॉम्पोझिट भरतच नाही.

ग्लास आयोनोमर कधी चांगलं?

जिथे कोरडं ठेवणं कठीण, तिथे. लंडनच्या लॅबोरेटरी ऑफ द गव्हर्नमेंट केमिस्टमध्ये अ‍ॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस हे शोधलं. पूड म्हणजे कॅल्शियम किंवा स्ट्रॉन्शियम आणि अ‍ॅल्युमिनियम असलेली, फ्लोराइडयुक्त काच. द्रावण म्हणजे पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल. आम्ल काचेचा वरचा भाग विरघळवतं, त्यातून कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियमचे आयन सुटतात आणि आम्लाच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधतात. त्याच साखळ्या दातातल्या कॅल्शियमलाही धरतात. म्हणून वेगळ्या बाँडशिवाय हे दाताला चिकटतं. तापमान बदललं की ते साधारण दाताइतकंच प्रसरण-आकुंचन पावतं, हाही मोठा गुण.

सुरुवातीला एक अडचण होती. कालवलेलं मिश्रण आधी हळूहळू ताठरायचं आणि शेवटी घट्ट व्हायला फार वेळ घ्यायचं. त्यावर उपाय सापडला टार्टारिक आम्लाचा. ते थोडं घातलं की डॉक्टरांना काम करायला वेळ मिळतो आणि नंतर पदार्थ झटकन घट्ट होतो. हे आम्ल द्राक्षातलं प्रमुख आम्ल आहे! पिंपळगाव-दिंडोरीकडच्या बागायतदारांना ते वेगळं सांगायला नको. आपल्या बागांतल्या घडांत जे आहे त्याचाच चुलता दातातल्या सिमेंटमध्ये बसलेला असतो, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

त्यातून फ्लोराइड झिरपत राहतं, पहिल्या काही दिवसांत जास्त, मग कमी कमी. फ्लोराइडच्या टूथपेस्टने ते थोडं पुन्हा भरलंही जातं. कीड पुन्हा लागणारच नाही अशी हमी मात्र कुणी देऊ नये.

उणिवाही मोठ्या. ते ठिसूळ आहे, लवकर झिजतं आणि कॉम्पोझिटसारखी चमक त्याला येत नाही. पहिल्या तासांत पाणी लागलं तर वरचा थर विरघळतो आणि फार सुकलं तर तडे जातात, म्हणून भरल्यावर आम्ही वर वार्निश किंवा व्हॅसलिन लावतो.

मग मुलीच्या दुधाच्या दाढेत आणि सासूबाईंच्या दातात कोणतं भरू?

दुधाची दाढ, रडणारं मूल, कोरडं ठेवायला जेमतेम दोन मिनिटं मिळतायत: ग्लास आयोनोमर, किंवा रेझिन मिसळलेला त्याचा संकरित प्रकार. मूल शांत बसणारं असेल आणि रबराचा पडदा लावता येत असेल तर कॉम्पोझिटही छान टिकतं.

सासूबाईंच्या वयात हिरडी खाली सरकून मुळं उघडी पडतात, आणि मिसरी घासायची सवय असेल तर दात हिरडीजवळ झिजून खोबणी पडलेली असते. मुळावर इनॅमल नसतं. तिथेही ग्लास आयोनोमर चांगलं धरतं. मिसरी मात्र सोडवा. दातापेक्षा गालाच्या आतल्या भागासाठी ते जास्त गरजेचं आहे, आणि सुनेपेक्षा डॉक्टरने सांगितलेलं त्या ऐकतील असं वाटत असेल तर त्यांना घेऊन या.

रोज चावायच्या कायमच्या दाढेत, मोठ्या खड्ड्यात, नुसतं साधं ग्लास आयोनोमर कायमचं म्हणून भरलेलं मला पटत नाही.

कॉम्पोझिट किती मजबूत असतं? ऊस, सुपारी चालेल?

वाकवून तोडायला लागणाऱ्या ताकदीत चांगलं कॉम्पोझिट साधारण १०० ते १५० मेगापास्कलच्या (ताकद मोजायचं एकक) घरात असतं. दाढेवर भरायच्या कॉम्पोझिटसाठी आंतरराष्ट्रीय मानक किमान ८० मागतं. भाकरी, चिवडा, भाजलेले शेंगदाणे यांना ते सहज पुरतं. सुपारी आणि बर्फ दाढेखाली फोडणं बंद करा, कारण तिथे भरणाआधी दाताची भिंतच तडकते. ऊस सोलून द्या.

दाढेचा अर्ध्याहून जास्त भाग गेला असेल तर थेट भरण्यापेक्षा बाहेर तयार केलेलं पोर्सेलिनचं ऑनले (दाढेचा वरचा भाग झाकणारा तुकडा) किंवा कॅप बरं. त्यासाठी वापरतात त्यांपैकी लिथियम डायसिलिकेट साधारण ४०० मेगापास्कल, झिर्कोनिया त्याच्या दुपटीहून जास्त. तो स्वतंत्र विषय आहे, खर्चही वेगळा.

माझ्या दाढेत जुनी चांदी आहे. काढून पांढरं भरू का?

चांदी भक्कम असेल, कडेला फट नसेल, खाली कीड नसेल तर नको. त्याला आपण चांदी म्हणतो, पण ते अ‍ॅमल्गम असतं: चांदी, कथील, तांबं यांच्या पुडीत साधारण तितकाच पारा. वातावरणातला पारा कमी करण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला. भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून दातांसाठी अ‍ॅमल्गम वापरणं, अगदी थोडे अपवाद वगळता, बंद आहे. नवं अ‍ॅमल्गम मीही भरत नाही. पण जुनं कोरून काढताना पाऱ्याची वाफ उलट जास्त निघते आणि चांगल्या दाताचा थोडा भागही जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २०२० साली सुस्थितीतली जुनी भरणं उगाच काढू नयेत असंच सांगितलं. नुसतं काळं दिसतं म्हणून काढायचं असेल तर एकदा शांतपणे विचार करा. गरोदरपणात तर नकोच.

मिसळ, चहा, हळद यांनी रंग जातो का?

डाग बसतात, आणि आपल्याकडे जरा लवकर बसतात. रेझिन थोडं पाणी शोषतं, त्या पाण्याबरोबर रंगही आत जातो. हळदीतलं कुरकुमिन यात फार चिवट आहे. चहा, कॉफी, कात-पान, तंबाखू, रेड वाइन यांचाही क्रम लागतो. वाइनमध्ये रंगासोबत आम्ल आणि अल्कोहोलही असतं, आणि अल्कोहोल रेझिनचा वरचा थर मऊ करतं. म्हणून अल्कोहोल असलेलं माउथवॉशही रोज नको.

मिसळ सोडा असं मी म्हणणार नाही. रविवारची मिसळ ही नाशिकच्या घराघरांतली गोष्ट आहे. खाल्ल्यावर लगेच पाण्याने चूळ भरा, एवढं पुरेल. वरवरचे डाग पॉलिशने निघतात. वर्षातून एकदा दहा मिनिटं त्यासाठी द्या. डाग भरणाच्या कडेवर काळ्या रेघेसारखा असेल तर मात्र दाखवा. तो कधी नुसता डाग असतो, कधी फटीची पहिली खूण.

पुढच्या दाताचा रंग जुळवता कसा?

काम सुरू करण्यापूर्वी, दात ओला असताना, दिवसाच्या उजेडात. दात पंधरा मिनिटं कोरडा राहिला की फिकट दिसू लागतो. तेव्हा रंग निवडला तर दुसऱ्या दिवशी भरणच पांढरं ठिपक्यासारखं उठून दिसतं. रंगपट्टीवर ए, बी, सी, डी असे गट असतात: ए तांबूस-तपकिरी छटेचा, बी तांबूस-पिवळा, सी राखाडी, डी तांबूस-राखाडी. आपल्याकडे ए गटातले रंग पुष्कळदा जुळतात. मी निवडलेल्या रंगाचा छोटा गोळा दातावर ठेवून, बाँड न लावता, प्रकाश देऊन बघते आणि मग काढून टाकते, कारण कडक झाल्यावर रंग थोडा बदलतो. लिपस्टिक पुसून या, आणि भडक रंगाचा दुपट्टा असेल तर आम्ही त्यावर फिकट कापड टाकतो.

दात पांढरे करून घ्यायचेत. आधी भरू की नंतर?

आधी ब्लीचिंग, मग किमान दोन आठवडे थांबून भरणं. ब्लीचिंगनंतर दातात राहिलेला ऑक्सिजन बाँडला कडक होऊ देत नाही. आणि ब्लीचिंगने दात उजळतो, भरण उजळत नाही.

दात दुखत होता म्हणून लवंगेचं तेल लावून आले. चालेल ना?

ठणका कमी झाला असेल, कारण लवंगेत युजेनॉल असतं. पण हेच युजेनॉल कॉम्पोझिटचं कडक होणं बिघडवतं. आमच्या तात्पुरत्या भरण्यातही अनेकदा युजेनॉल असतं, म्हणून ते काढल्यावर आतली जागा नीट घासून साफ करावी लागते. तुम्ही तेल लावलं असेल तर न संकोचता सांगा. रागवणार नाही. फक्त कामाचा क्रम बदलेन.

भरल्यावर थंड लागतं, चावताना सणक येते. काही चुकलं का?

थंड पाण्याने क्षणभर झिणझिणी येऊन थांबत असेल तर दोन-तीन आठवडे वाट बघा. डेंटिनमध्ये सूक्ष्म नळ्या असतात, त्यांतला द्रव तापमान बदलला की हलतो आणि नसेला ते जाणवतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून पहाटे निघून येणाऱ्यांना हा त्रास जास्त जाणवतो.

चावतानाच दुखत असेल तर बहुतेक भरण किंचित उंच राहिलेलं असतं. भूल उतरलेली नसताना तुम्हाला नीट चावता येत नाही, त्यामुळे हे घडतं. निळ्या कागदावर चावून बघून घासलं की पाच मिनिटांत प्रश्न सुटतो. आठवडाभर सहन करत बसू नका. रात्री आपोआप ठणकू लागलं किंवा गरम चहाने कळ उठून टिकून राहिली तर नसेपर्यंत गोष्ट गेलेली असू शकते. लगेच या.

यात बीपीए असतं, ते पोटात जातं, असं व्हिडिओत पाहिलं. खरं का?

बिसफेनॉल-ए, म्हणजे बीपीए, मुद्दाम घातलेलं नसतं. पण बिस-जीएमए बनवण्याचा कच्चा माल तोच असल्याने त्याचा अत्यल्प अंश उरू शकतो, आणि काही जवळचे रेणू थुंकीत फुटून तो सुटू शकतो. भरल्याच्या पहिल्या काही तासांत थुंकीत तो सापडतो, मग घटत जातो. प्रमाण फार लहान आहे. तरी काळजी वाटणं चूक नाही. उपायही साधे आहेत: वरचा चिकट थर पॉलिश करून काढणं, लगेच खळखळून चूळ भरणं, पुरेसा प्रकाश देणं. गरोदर असाल आणि खड्डा थांबण्याजोगा असेल तर आपण थांबू, किंवा ग्लास आयोनोमरने वेळ निभावू.

अ‍ॅलर्जीची भीती रुग्णापेक्षा आम्हाला आणि आमच्या सहायकांना जास्त. बाँडमधला एचईएमए नावाचा रेणू रबरी हातमोज्यांतूनही झिरपतो. नखांच्या जेलमुळे पूर्वी त्वचेवर पुरळ आलं असेल तर आधी सांगा, रसायनं त्याच कुळातली असतात.

किती वर्षं टिकतं?

नीट भरलेलं कॉम्पोझिट दहा वर्षं आणि त्याहून अधिक टिकल्याचं मी पाहते. लहान खड्डा, निरोगी हिरडी, दोन दातांच्या मधली जागा रोज साफ करणारा माणूस असेल तर आणखी जास्त. निकामी होण्याची मोठी कारणं दोन: कडेला पुन्हा लागलेली कीड आणि मोडणं. कीड पदार्थाला लागत नाही, शेजारच्या दाताला लागते, तेव्हा दिवसातून चार वेळा गोड चहा आणि मध्ये मध्ये बिस्किटं चालू असतील तर जगातलं सर्वांत महाग कॉम्पोझिटही काही करू शकणार नाही.

एका दवाखान्यात एक भाव, दुसरीकडे दुप्पट. असं का?

ट्यूबच्या किमतीत फरक असतोच, पण खरा खर्च वेळेचा. एक दाढ रबराचा पडदा, बाँड, चार-पाच थर आणि पॉलिश असं करत भरायला पाऊण तास लागतो. दहा मिनिटांत भरलेल्या दाढेत यातलं काहीतरी गाळलेलं असणार. पैशाची अडचण असेल तर काम पुढे ढकलून रूट कॅनलची वेळ आणू नका. पंचवटीतल्या दंत महाविद्यालयात विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. तिथे वेळ जास्त लागतो, पण खर्च बेताचा असतो.

निघताना डॉक्टरांकडून काय लिहून घ्यावं?

दाताचा क्रमांक, पदार्थाचा प्रकार (कॉम्पोझिट, ग्लास आयोनोमर की संकरित), त्याचं व्यापारी नाव, रंगाचा क्रमांक आणि तारीख. खड्डा नसेजवळ गेला होता का आणि खाली औषधाचा थर दिला का, तेही. पाच ओळी होतात. उद्या नोकरीनिमित्त पुण्याला गेलात आणि तिथे कोपरा तुटला तर तिथल्या डॉक्टरांना जुनं सगळं कोरून न काढता तेवढाच भाग दुरुस्त करता येईल. कॉम्पोझिटवर कॉम्पोझिट जोडता येतं, आणि एक्स-रेत बेरियमची काच पांढरी दिसते, पण नुसत्या एक्स-रेवरून कुणाला पदार्थाचं नाव सांगता येत नाही. "काय भरलं ते लिहून द्या" असं म्हणायला अजिबात कचरू नका. माझ्याकडे मागितलं नाही तरी मिळतं.

भरल्यावर लगेच जेवू का?

कॉम्पोझिट असेल तर दिवा बंद झाला तेव्हाच ते कडक झालेलं असतं. फक्त भूल दिली असेल तर ओठ-जीभ जागी होईपर्यंत, साधारण दोन-तीन तास, थांबा, नाहीतर गाल चावला जाईल. मुलांकडे यासाठी विशेष लक्ष ठेवा. ग्लास आयोनोमर असेल तर तासभर काहीच नको आणि तो दिवस दुसऱ्या बाजूने चावा. वर लावलेलं वार्निश जिभेने खरवडू नका. संध्याकाळी वरण-भात खाल्लात तर उत्तम.